लहान मुलांना मोजमाप आणि साधे आलेख घरी कसे शिकवावेत?

चाफेकळी

मुलगी दुसरीत आहे, सेमी-इंग्रजी. वाचन, बेरीज-वजाबाकी ठीक चाललंय. अडलंय ते आलेखांपाशी आणि पट्टीपाशी.

शाळेतून कार्यपत्रिका येतात. बालभारतीच्या नव्हेत, बाहेरच्या कुठल्यातरी छापील. फळांच्या चित्रांच्या रांगा असतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एक चित्र = ५ फळे'. आमच्या बाईसाहेब नुसती चित्रं मोजतात आणि लिहितात, आंबे ४. बरं, प्रमाण नसलेला आलेख दिला तर 'आंबे किती' बरोबर येतं, पण 'पेरूंपेक्षा आंबे किती जास्त' विचारलं की परत आंब्यांचीच संख्या.

पट्टीचं तर विचारू नका. कधी १ पासून लावते, कधी प्लास्टिकच्या टोकापासून. सांगितलं की तेवढ्यापुरतं नीट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरी कुणी काय करून घेतलंय ते लिहा. व्हिडिओचे दुवे नकोत, ते बघून झालेत.

बाभूळ

दुसरीतल्या पोरीला आलेख कशाला हवेत हे आधी कळू द्या. आम्ही थेट हायस्कुलात आलेख पाहिला, काही बिघडलं नाही. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) करून घ्या, जन्मभर पुरेल.

फळा_खडू

चाफेकळीताई, पहिलं काम म्हणजे ती 'एक चित्र = ५' वाली पत्रिका बाजूला ठेवा. ते दुसरीचं काम नाहीच. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतही प्रमाण घेतलेला चित्रालेख वरच्या इयत्तांत येतो, स्तंभालेख (उभ्या खांबांचा आलेख) तर सहावीत. ज्या वयात 'एक वस्तू, एक खूण' हेच अजून मुरायचं असतं, तिथे एका खुणेत पाच वस्तू कोंबल्या तर मूल गोंधळणारच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी घेते. आमच्याकडे आलेखाची सुरुवात कागदावर होतच नाही. रिकाम्या काडेपेट्या गोळा करून ठेवल्यात. सकाळी आलं की प्रत्येकानं एक पेटी उचलायची आणि आपण कसे आलो त्या मनोऱ्यावर ठेवायची: पायी, सायकलवर, एसटीने, कुणाच्या तरी गाडीवर बसून. पोरं न सांगता बोलायला लागतात. पायीवाले जिंकले, आज एसटी आलीच नाही, वगैरे.

हे अंगवळणी पडलं की मी खोड्या काढते. एका मनोऱ्यात मुद्दाम मोठाली खोकी ठेवते. दोनच खोकी, पण मनोरा पाच काडेपेट्यांपेक्षा उंच. किंवा एक मनोरा पाटावर रचते आणि बाकीचे जमिनीवर. मग विचारते, जास्त कोण? वर्गात जो गोंधळ होतो तो ऐकण्यासारखा असतो. 'बाई, हे चीटिंग आहे!' का चीटिंग? तर 'सगळ्या पेट्या सारख्या पाहिजेत' आणि 'सगळे मनोरे खालनंच चालू व्हायला पाहिजेत.'

ही दोन वाक्यं मुलांच्या तोंडून आली की माझं निम्मं काम झालं. कारण पट्टीतही तेच आहे. सगळे सेंटिमीटर सारखे आणि मोजणं शून्यापासून. पट्टी भिंतीला उभी टेकवा, स्तंभालेखाची डावी बाजू तयार. म्हणून मी मोजमाप आणि आलेख असे दोन वेगळे पाठ घेतच नाही. तुमच्या मुलीच्या तक्रारी तीन दिसतायत, पण दुखणं बहुतेक एकच आहे.

'किती जास्त' साठी: दोन्ही मनोरे जमिनीवर आडवे करा, शेजारी शेजारी, एका रेषेत सुरू होतील असे. आंब्याची एक पेटी, पेरूची एक पेटी, जोडी लावत जायचं. जोडी न मिळालेल्यांवर हात ठेवायला सांगा. 'हे जास्तीचे.' वजाबाकीचं चिन्ह बराच काळ काढूच नका. मोठ्यांना वाटतं हा वजाबाकीचा प्रश्न आहे. मुलाला त्यात 'जास्त' एवढंच ऐकू येतं आणि ते जास्त असलेल्याची संख्या सांगून मोकळं होतं.

चाफेकळी

फळा_खडूताई, फारच छान! पण काडेपेट्या आता मिळायच्या कुठे, आमच्याकडे लायटर. बाटल्यांची बुचं चालतील का?

फळा_खडू

पळतील. फक्त एकाच मापाची घ्या. निदान सुरुवातीला तरी.

रंधा

पट्टीबद्दल लिहितो. लाकूडकामाचा नाद आहे, त्यामुळे मोजण्यात बरीच वर्षं गेली.

शाळेच्या पट्टीत टोक वेगळं आणि शून्य वेगळं असतं. मध्ये दोन-चार मिलिमीटर कोरी जागा असते, टोक झिजलं तरी माप बिघडू नये म्हणून. मुलांना हे कुणी दाखवतच नाही. त्यातून काही पट्ट्यांवर शून्य छापलेलंच नसतं, नुसती रेघ. मग मूल पहिला दिसणारा आकडा धरतं, तो १. यात त्याची चूक काय? लाल पेनाने शून्याच्या रेघेवर ठिपका द्या, पुष्कळ फरक पडतो.

पण खरा उपाय म्हणजे पट्टी मोडणे. मी गंभीरपणे सांगतोय. जुनी प्लास्टिकची पट्टी घ्या, ३ च्या अलीकडे कापून टाका, धार घासून घ्या आणि पोराला द्या. पेन्सिल ३ पासून १० पर्यंत आली. किती लांब? निम्मी मुलं म्हणतील १०. काही हुशार मुलं म्हणतील ८, कारण ती ३, ४, ५ करत १० पर्यंत रेघा मोजतात. रेघा आठ, पण त्यांच्यामधल्या जागा सातच. जोवर मूल रेघा मोजतंय तोवर पट्टी त्याच्यासाठी नुसता आकड्यांचा कागद आहे. जागा मोजायला लागलं की मग पट्टी मोडकी असो वा धड, फरक पडत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय चाचणीत असाच प्रश्न विचारला होता, काडी पट्टीच्या मधूनच ठेवलेली, आणि चौथीतली बहुतेक मुलं त्यात चुकली होती. तेव्हा आपलीच पोरं ढ आहेत असं समजू नका.

जाता जाता: सुताराच्या लोखंडी टेपचा पुढचा हूक थोडा हलतो. लोक म्हणतात टेप खराब झाला. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो, हुकाच्या पत्र्याच्या जाडीएवढा. फळीला अडकवून ओढलं की पुढे सरकतो, भिंतीला टेकवून दाबलं की मागे. दोन्हीकडे शून्य बरोबर जागी येतं. मोठ्या मुलांना हे दाखवा, डोळे विस्फारतात.

बाभूळ

रंधाशेठ, हुकाचं मलाही ठाऊक नव्हतं. दोन टेप फेकलेत आजवर.

बाकी मूळ मुद्दा राहिलाच. मनोरे, बुचं, पट्ट्या मोडणे, हे सगळं वर्गात ठीक आहे. घरी दोघं नोकरीला, सात वाजता घरात पाऊल, दोन खोल्या. कोण रचणार मनोरे?

दोरा_सुई

बाभूळदादा, वेगळा वेळ काढायची गरजच नाही हो. मी घरी शिवणकाम करते. भाचा दुपारी माझ्याकडेच असतो, पहिलीतून दुसरीत गेलाय. कामात असते तेव्हा त्याच्या हातात टेप देते, बस.

आधी टेप नव्हता, वीत होती. पाट किती विती? त्याच्या विती जास्त भरल्या, माझ्या कमी. त्याला वाटलं तो जिंकला. मग त्याला म्हटलं, ब्लाऊजचं माप तू घे आणि कापते मी, बाईंना होईल का अंगात? तेव्हा कळलं की सगळ्यांचा हात सारखा नसतो म्हणून टेप लागतो. हे सांगून कळत नाही, घोटाळा व्हावा लागतो.

वीत घालताना मुलं एक हमखास करतात. मध्ये फट सोडतात, नाहीतर बोटावर बोट चढवतात. फट राहिली की विती कमी भरतात, चढवलं की जास्त. खडूने खूण करायला लावायची आणि पुढची वीत त्या खुणेपासून.

शिंप्याचा टेप एका बाजूला ६० इंच आणि दुसऱ्या बाजूला १५० सेंटिमीटर. त्याला विचारलं, टेप एवढाच, मग इकडे ६० आणि तिकडे १५० कसे? बराच वेळ उलटसुलट करत बसला. शेवटी म्हणाला, 'मावशी, इंच लठ्ठ आहेत म्हणून कमी मावतात.' याहून नीट मलाही सांगता आलं नसतं.

गोल वस्तूंसाठी दोरा. भोपळ्याभोवती, डब्याभोवती दोरा गुंडाळायचा, खूण करायची, दोरा सरळ करून टेपवर ठेवायचा. आणि एकदा मुद्दाम इलॅस्टिक द्या हातात. दर वेळी माप वेगळं येतं आणि पोरगं चक्रावतं!

उंबरठा

नमस्कार मंडळी. वय झालंय, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी घरात धान्याची मापं असत आणि पोरांना त्यातच खेळायला मिळायचं. दोन निठव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बघा, शेरापर्यंत सगळी दुपटीची चढण आहे. आम्हाला कुणी शिकवलं नाही, ओतता ओतता आलं. १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-लिटर आले, पण गावाकडे पायली अजूनही ऐकू येते.

नातवंडं आली की जुनं चिपटं-मापटं काढून देतो आणि ज्वारी. आधी अंदाज सांगायचा, मग भरायचं. मापट्यात किती चिपटी? आणि मग खरी गंमत, शिगेची. शीग लावून भरलेलं चिपटं आणि वरून हात फिरवून सपाट केलेलं चिपटं एक नव्हे. धान्य घेताना शीग आणि देताना सपाट, हे व्यवहारज्ञान पोरांना चटकन समजतं.

फळा_खडू

काका, शिगेचा मुद्दा सोन्यासारखा आहे. 'भरलं' म्हणजे कुठवर भरलं हे ठरवावं लागतं, हे पुस्तकात कुठेच नसतं.

भरण्याचा विषय निघालाच आहे तर. डी.एड.ला सगळ्यांनी पियाजे (मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ) पाठ केलेला असतो: उंच पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की लहान मूल म्हणतं पाणी कमी झालं. परीक्षेपुरतं लिहिलं होतं. वर्गात प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा खरं वाटलं, डोळ्यासमोर ओतलं तरी पहिलीची मुलं ठाम असतात. सहा-सात वर्षांच्या आसपास हे हळूहळू सुटतं. तोवर वाद घालू नका. परत पेल्यात ओतून दाखवा आणि सोडून द्या.

बाभूळदादांच्या प्रश्नाला: भात लावताना एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, हे पोराकडून घालून घ्या. कुकरच्या शिट्ट्यांना भिंतीवरच्या पाटीवर ताळ्याच्या खुणा करू द्या, चार उभ्या आणि पाचवी तिरकी. खिडकीतून रिक्षा, दुचाकी, बस मोजायच्या असतील तरीही ताळ्याच्या खुणाच, कारण गाड्या थांबत नाहीत आणि आकडा खोडून नवा लिहीपर्यंत तीन निघून जातात.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. धागा वाचून राहवलं नाही.

इथल्या बऱ्याच राज्यांचा अभ्यासक्रम ज्यावर बेतलाय त्या कॉमन कोअरमध्ये हाच क्रम आहे. पहिलीत लांबी मोजायची ती एकसारख्या छोट्या वस्तू टोकाला टोक लावून, फट नाही, एकावर एक नाही (दोरा_सुई यांनी लिहिलंय अगदी तेच). आलेखासाठी जास्तीत जास्त तीन गट. दुसरीत चार गटांपर्यंत चित्रालेख आणि स्तंभालेख, पण एक घर म्हणजे एकच वस्तू. एका घरात पाच-दहा वस्तू तिसरीत. म्हणजे फळा_खडूताई म्हणतायत तसंच, चाफेकळी, ती पत्रिका निदान वर्षभर लवकर आलीय.

दुसरं, प्रश्न कसे विचारायचे. फ्रान्सिस कर्सिओ या अभ्यासिकेने १९८७ मध्ये आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, इथल्या शिक्षकांच्या तोंडी त्या असतात. पहिली, आलेखात लिहिलंय तेवढंच वाचणं: आंबे किती. दुसरी, दोन गोष्टी ताडून पाहणं: किती जास्त, सगळे मिळून किती. तिसरी, आलेखाच्या पलीकडचं: आणखी पाच मुलं आली तर कुठला मनोरा वाढेल असं वाटतं, आणि का? पहिल्या पायरीवर बरोबर येणारं मूल दुसऱ्या पायरीवर अडतं हे अगदी सार्वत्रिक आहे. तिसऱ्या पायरीचे प्रश्न मात्र पहिल्या इयत्तेपासून विचारा. उत्तर चुकायची भीती नसते, त्यामुळे मुलं भरपूर बोलतात.

इथे आम्हाला एक जास्तीचा ताप आहे. शाळेत इंच आणि फॅरनहाइट, आजी फोनवर सेल्सिअस सांगते. नाशकात ३८ आणि आपल्याकडे ७०, म्हणजे आपल्याकडे जास्त गरम का, असं चिरंजीवांनी विचारलं. त्याला वरचं 'इंच लठ्ठ आहेत' वाचून दाखवणार आहे.

गोधडी

मी अंगणवाडीत काम करते. तुम्ही सगळे आलेख-आलेख करताय, पण गावातल्या कितीतरी आयांनी आयुष्यात पहिला आलेख वाचला तो बाळाच्या वजनाचा. मुलीचा तक्ता गुलाबी, मुलाचा निळा. आडवं महिने, उभं किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची जी मानकं दिली त्यावरून पट्टे आखलेले असतात, वर हिरवा, खाली पिवळा, त्याखाली धोक्याचा.

ज्यांना आकडे धड वाचता येत नाहीत त्या आयाही तक्ता वाचतात, कारण त्या ठिपका बघत नाहीत, रेघ कुठे चाललीय ते बघतात. रेघ वर चढतेय, ठीक. आडवी झाली म्हणजे महिनाभर वजन वाढलं नाही, मग बाळ हिरव्यात असलं तरी विचारपूस करायची. खाली वळली तर लगेच. आता आम्ही मोबाईलवर नोंदी भरतो, पण आईला समजवायला कागदच हातात घ्यावा लागतो.

काट्याचंही सांगते. झोळी लटकवली की आधी काटा शून्यावर आणायचा, मग बाळ. इथे घाई नडते. वरती तुम्ही शून्यावर एवढं बोलताय म्हणून आठवलं.

चाफेकळीताई, मुलीचा लहानपणीचा तक्ता असेल तर तिलाच वाचायला द्या. स्वतःचा आलेख मुलं फार लक्ष देऊन बघतात.

कव्हरड्राइव्ह

आलेखात रस नसलेल्या पोरांसाठी एकच औषध, आयपीएल. 😀 टीव्हीवर दर षटकाच्या धावांचे उभे खांब दाखवतात, मॅनहटन म्हणतात त्याला, खांबाच्या डोक्यावर ठिपका म्हणजे विकेट. शुद्ध स्तंभालेख! पुतण्या सात वर्षांचा, शाळेतल्या फळांच्या आलेखाला जांभया देतो, पण 'सर्वात महागडं षटक कुठलं', 'विकेट पडली त्या षटकात धावा किती' हे टीव्ही बघत पटापट सांगतो. दूरदेशी यांची तिसरी पायरी तर तो न विचारताच चढतो, शेवटच्या षटकात किती येतील याचा अंदाज आधीच जाहीर.

मग ती वळवळणारी रेघ येते, दोन्ही संघांच्या एकूण धावांची. त्याने विचारलं, काका, ही रेघ कधी खाली का येत नाही? खांब तर लहान-मोठे होतात. मी म्हटलं तूच सांग. जाहिराती संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाला, 'केलेल्या धावा परत थोड्याच घेतात!'

बाभूळ

हे बरंय. क्रिकेट म्हटलं की मलाही बोलावंसं वाटतं.

फळा_खडू, तुमच्या पाटावरच्या मनोऱ्यासारखी चलाखी बातम्यांच्या वाहिन्या रोज करतात. खांब शून्यापासून काढतच नाहीत. एका पक्षाला ४२ टक्के, दुसऱ्याला ३९, आणि खांब दुप्पट उंच, कारण खालचे ३६ कापून टाकलेले. पोरांना हे शिकवणार असाल तर माझा विरोध मागे. पण तुमच्या दुसरीच्या परीक्षेत हे विचारणार आहेत का? नाही. तिथे 'आंबे किती'च विचारणार आणि मार्क त्यालाच.

फळा_खडू

मार्कांचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'आंबे किती' पोरांना येतंच, तेवढे मार्क कुठे जात नाहीत.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. पाऊस तोंडावर आलाय म्हणून एक सांगतो, आमच्या घरी दर पावसाळ्यात चालतं.

दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, जिचं अंग सरळ आहे अशी, मध्ये कंबर असलेली नको. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून तळात खडे घाला आणि बाटली सरळ होते तिथवर पाणी भरा. तिथे रेघ मारा, हे शून्य. (रंधा यांचं टोक आणि शून्य वेगळं, तेच इथेही.) गच्चीवर किंवा अंगणात, झाडाखाली नाही, पागोळ्यांखाली तर मुळीच नाही. हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ असा चोवीस तासांचा पाऊस धरतं, आपणही तीच वेळ धरावी. शाळेच्या दिवशी थोडं मागे-पुढे होतं, होऊ दे.

आता महत्त्वाचं. मुलाला मिलिमीटर वाचता येत नसले तरी चालेल. कागदाची पट्टी बाटलीला लावायची, शून्यापासून पाण्यापर्यंत कापायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या तारखेला चिकटवायची. पाऊस जेवढा उंच तेवढीच पट्टी उंच. आलेख आपोआप उभा राहतो, आकडा न लिहिता. पहिल्या वर्षी धाकटीने एवढंच केलं, मोठा पट्टीवर आकडे लिहायचा.

तीन गोष्टी हमखास होतात. कोरडा दिवस आला की मुलं ती तारीख गाळून पुढची पट्टी शेजारी चिकटवतात. 'पाऊस नव्हता तर लावू काय?' तिथे रिकामी जागा सोडायची हे पटवायला वेळ लागतो. दुसरी, मोठं भांडं ठेवलं तर जास्त पाऊस मिळेल असं त्यांना वाटतं. सरळ काठाचं पातेलं आणि सरळ काठाचा डबा शेजारी ठेवा. पातेल्यात पाणी जास्त जमतं, पण उंची दोन्हीकडे जवळपास सारखीच. फळा_खडूताईंच्या पेल्याचा पुढचा अंक म्हणा.

तिसरी गोष्ट जुलैत होते. एके दिवशी असा कोसळतो की पट्टी तक्त्याच्या बाहेर. हवामान खात्याच्या हिशोबात ६४.५ मिलिमीटरला मुसळधार आणि ११५.६ ला अतिमुसळधार सुरू होतो, आणि आमच्याकडे दोन्ही येतात. तेव्हा काय करायचं? धाकटी म्हणाली छतापर्यंत कागद लावू. मोठा म्हणाला, सगळ्या पट्ट्या दुमडून अर्ध्या करू. सगळ्याच, एकच नाही. झालं, प्रमाण आलं घरात. चाफेकळीताई, तुमच्या 'एक चित्र = ५' ची गरज मुलाला अशी पडली पाहिजे, मग ते कोपऱ्यातलं बारीक अक्षर तो स्वतः शोधतो.

आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढी पट्टी कापून भिंतीला लावा आणि मुलीला शेजारी उभी करा. दुसरीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येते.

दोरा_सुई

बाई गं. आम्ही तो पाऊस टीव्हीवर पाहिला होता, पण छातीपर्यंत म्हटल्यावर काटा आला.

पाणी रोज ओतून द्या बरं, डासांचे दिवस.

मांडवीकाठ

हो, मोजून झालं की लगेच ओतायचं. शून्याच्या रेघेपर्यंतचं पाणीही बदलतो.

चाफेकळी

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. दोन दिवसांची खबर देते. बुचांच्या रांगा लावून 'जास्तीचे' वर हात ठेवणं जमलं, लगेच जमलं. घरात कुणाला चहा, कुणाला दूध, कुणाला काहीच नको, असा आलेख झाला. आजोबांनी दोन्हीकडे बूच ठेवलं, त्यावरून भांडण झालं की एका माणसाची दोन बुचं चालतात का. ते अजून मिटलेलं नाही.

मोडकी पट्टी मात्र अजून चालली नाही. रेघाच मोजते. आणि चित्रांचा आलेख वहीत काढायला सांगितला तर हत्ती एवढा मोठा काढला की तीन हत्तींची रांग सहा मुंग्यांच्या पुढे गेली!

फळा_खडू

हत्तीसाठी चौकटीची वही. एका घरात एकच प्राणी, हत्ती असो नाहीतर मुंगी, घराबाहेर पाय काढायचा नाही.

रेघांसाठी पट्टी काही दिवस ठेवून द्या. फरशीवर उड्या मारायला लावा. या रेघेवरून त्या रेघेवर, एक उडी. चार उड्या मारल्या तर किती रेघांना पाय लागला? पाच. उड्या मोजायच्या. सापशिडीत पण मुलं उभ्या असलेल्या घरालाच 'एक' म्हणतात, पाहिलंय का? खेळताना तिथे टोका. मग पट्टीवर बोटाने उड्या.

आजोबांच्या दोन बुचांचा वाद मिटवू नका. 'प्रत्येकाला एकच मत' की 'जे जे आवडतं ते सगळं', हे आधी ठरवायचं असतं, आणि ते तिलाच ठरवू दे.

रंधा

+१. आणि पट्टीवर उड्या मारताना प्रत्येक जागेत ज्वारीचा एक एक दाणा ठेवून बघा. दाणे मोजायचे, मग रेघा मोजायचा मोह होत नाही.

नवखा_बाबा

पहिल्यांदाच लिहितोय. याच वयाच्या मुलाला घड्याळ शिकवायचं आहे. लहान काटा कळतो, मोठा काटा ४ वर असला की तो 'चार मिनिटं' म्हणतो. इथेच विचारू की वेगळा धागा आहे?

फळा_खडू

वेगळा काढा, नाहीतर इथे मनोरे आणि घड्याळ यांची खिचडी होईल. पण ४ वर काटा आणि 'चार मिनिटं' म्हणजे कोपऱ्यातलं 'एक घर = ५' त्यालाही दिसत नाहीये. मिनिटांच्या बारीक रेघा छापलेलं घड्याळ आहे का घरात? असेल तर १२ पासून ४ पर्यंतच्या जागा त्याला एकदा मोजू द्या. बाकी नव्या धाग्यावर लिहिते.